मोगूबाईंचं एक तप

मागच्या खेपेला आम्ही इथे, नाटे गावात, 'ज्ञान म्हणजे काय' या विषयावर तासभर बोललो. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एक गृहस्थ जवळ आले. बरीच वर्षं आखातात नोकरी करून ते आता गावी परतलेत. म्हणाले, "सर, ज्ञान कुणाचं, ते देता येतं का, विकता येतं का, हे सगळं ऐकलं. पण असा एखादा माणूस दाखवा की ज्याच्या आयुष्यात हा प्रश्न खरोखर येऊन उभा राहिला." आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण इतका सरळ प्रश्न विद्यार्थ्यांनी क्वचितच विचारला. जाता जाता त्यांनी आणखी एक विचारलं. तिकडे ते अरबी गाणी ऐकायचे. "त्यांच्यात आपल्यासारखं घराणं, गुरू, असं काही असतं का?" त्याचंही उत्तर आज वाटेत येईल.

तर तो माणूस, म्हणजे ती बाई, आम्हाला सापडली आहे. मोगूबाई कुर्डीकर. आज पुष्कळ लोक त्यांना किशोरी आमोणकरांच्या आई म्हणून ओळखतात. ते खरं आहेच, पण ती ओळख अपुरी आहे. किशोरीताईंचं गाणं आवडतं अशा माणसांनी तरी ती तेवढ्यावर ठेवू नये.

मोगूबाईंचा जन्म १५ जुलै १९०४ चा. गाव कुर्डी, गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य. देवळांच्या आश्रयानं गाणं-नाचणं करणाऱ्या कलावंत समाजात त्या जन्मल्या. या समाजातल्या बायकांनी कित्येक पिढ्या संगीत सांभाळलं, आणि त्याबद्दल समाजानं त्यांना कौतुक थोडं आणि हिणवणं फार दिलं. त्यांच्यातल्याच राजाराम पैंगीणकरांनी पुढे आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'मी कोण?'. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न आम्ही उपनिषदांच्या संदर्भात शिकवत असू. पैंगीणकरांना तो शाळेत, रस्त्यात, लग्नाच्या मांडवात लोक विचारत होते.

आई जयश्रीबाई. मुलीनं गाणारीच व्हायचं, हे तिनं ठरवलेलं होतं. मुलगी जेमतेम दहा वर्षांची असेल, तेव्हा ती तिला जांबावलीच्या देवस्थानात एका हरिदासाकडे घेऊन गेली आणि भजनं शिकायला बसवलं. तिथून चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत. (नाटे गावात बोलायचं आणि नाटकावाचून सुरुवात करायची, हे बरं दिसलं नसतं!) १९१४ साली आई वारली. दहा वर्षांची पोर, कंपनीत एकटी. मग ती कंपनीही बुडाली. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत काम मिळालं. ही सगळ्या बायकांची कंपनी, पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करायच्या. तिथे 'पुण्यप्रभाव' नाटकातली किंकिणी आणि 'सौभद्र'मधली सुभद्रा या त्यांच्या भूमिका गाजल्या. थोडं नृत्यही त्या शिकल्या. पण तिथंही फार काळ निभावलं नाही. तब्येत बिघडली, कंपनी सुटली, आणि १९१९ च्या सुमारास मावशीबरोबर उपचारांसाठी त्या सांगलीला आल्या.

इथं जरा थांबू या, कारण गोष्ट खरी सुरू होते ती इथं.

सांगलीत त्यांनी गाण्याचा अभ्यास सोडला नव्हता. घरात बसून रोजची मेहनत चालू होती. त्याच वेळी आणखी एक आजारी माणूस उपचारांसाठी सांगलीत येऊन राहिला होता. साठी उलटलेला, डोक्याला फेटा, झुपकेदार मिशा. रोज जाता-येता तो त्या घरावरून जायचा आणि आतून येणारा आवाज ऐकायचा. एके दिवशी तो सरळ आत आला आणि म्हणाला, गा, ऐकू दे. मग म्हणाला, मी शिकवतो. शिकवणी सुरू झाली. हे गृहस्थ कोण, याचा पत्ता मुलीला सुरुवातीला नव्हता. ते होते अल्लादिया खाँ.

अल्लादिया खाँ म्हणजे कोण, हे थोडं सांगायला हवं. जन्म १८५५, राजस्थानात उणियारा इथला. घराणं मुळात धृपद गाणाऱ्यांचं. तरुणपणी एका संस्थानात दिवसचे दिवस गाऊन त्यांचा आवाज बसला, तो पूर्वीसारखा परत आलाच नाही. दुसरा कुणी असता तर गाणं सोडून शेतीकडे वळला असता. यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी बांधली. आज तिला आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी ते अनेक वर्षं होते. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, अशी त्यांची शिष्यपरंपरा. आणि आजच्या विषयाला फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे, या माणसाच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. त्यांनी बांधलेलं जे काही आज उरलं आहे, ते सगळं शिष्यांच्या गळ्यातून उरलं आहे.

सांगलीतली शिकवणी वर्ष-दीड वर्ष चालली. मग १९२२ साली शाहू महाराज वारले, कोल्हापूरचा आधार गेला आणि खाँसाहेब मुंबईला गेले. मोगूबाईही त्यांच्यामागून मुंबईला आल्या. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या.

आणि दार बंद झालं.

झालं असं, की मुंबईत खाँसाहेबांना आश्रय देणारे धनिक होते आणि ते ज्यांच्या शिक्षणाचा खर्च करत अशा शिष्या होत्या. त्यांची हरकत होती, ही विद्या या मुलीला द्यायची नाही. कोणाकोणाची नावं यात घेतली जातात ती आम्ही इथं घेत नाही. ती सगळी माणसं गेली, त्यातली काही स्वतः फार मोठी कलावंत होती, आणि आपल्याला इथं पंचायत बसवायची नाही. आपल्याला बघायचा आहे तो व्यवहार. एका माणसाच्या गळ्यात जे आहे ते मला मिळावं, एवढंच नव्हे, तर ते दुसऱ्या कुणाला मिळू नये, याची किंमत मोजली जात होती.

मोगूबाई मग आग्रा घराण्याच्या बशीर खाँ यांच्याकडे शिकू लागल्या, नंतर विलायत हुसेन खाँ यांच्याकडे. आग्रा घराणं म्हणजे काही कमी प्रतीचं नव्हे. पण आग्र्याची रीत निराळी. तिथं बंदिशीचे शब्द लयीशी खेळवतात, आवाज दणकट लावतात, आलापाला नोम-तोमची बैठक असते. जयपूरवाल्यांचं सगळं आकारात, एका स्वरातून दुसरा स्वर उलगडत जाणारं. हे ऐकून अल्लादिया खाँ अस्वस्थ झाले. स्वतः शिकवायला तर ते मोकळे नाहीत, आणि आपण लावलेलं वळण बिघडतंय हेही पाहवत नाही! मोडी गिरवणाऱ्या मुलाला मधेच बालबोध धरायला लावली की त्याचं मोडीही जातं, तसं काहीसं त्यांना वाटलं असावं. त्यांनी तोडगा काढला, माझ्या भावाकडे शीक. भाऊ हैदर खाँ. म्हणजे विद्या घरातलीच, फक्त देणारा हात दुसरा.

हैदर खाँनी मनापासून शिकवलं. पण तिथंही तीच हरकत पुन्हा आली आणि १९३१ च्या सुमारास तेही मुंबई सोडून गेले.

आता यातला काळ मोजा. या मधल्या वर्षांत मोगूबाईंचा संसार सुरू झाला होता, किशोरी झाली होती. माणूस थकतो. 'आग्र्याचं शिकले, थोडं जयपूरचं शिकले, आता जे आहे त्यावर मैफली करू,' असं त्या म्हणाल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. त्या म्हणाल्या नाहीत. शेवटी १९३४ साली अल्लादिया खाँनी त्यांना रीतसर गंडा बांधला. गंडा म्हणजे गुरूनं शिष्याच्या मनगटाला बांधलेला दोरा. गूळ-चणे वाटतात, चार जाणकार साक्षीला बोलावतात. त्या दिवसापासून तुझी जबाबदारी माझी आणि माझ्या नावाची जबाबदारी तुझी. १९२२ ते १९३४. बरोबर एक तप. खाँसाहेब तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे १९४६ साली त्यांचं निधन झालं, तोवर हे शिक्षण चाललं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्ञान कुणाचं?

आपण लहानपणी पाठ केलेल्या सुभाषितांचा सूर असा, की विद्याधन श्रेष्ठ, कारण ते चोराला नेता येत नाही, भावाला वाटून घेता येत नाही, दिल्यानं वाढतं. आम्हीही वर्गात हेच सांगत आलो. दोन आणि दोन चार हे मला कळलं म्हणून तुमच्या वाट्याचं कमी होत नाही. नारळ दिला तर माझ्याकडचा नारळ जातो, गणित दिलं तर जात नाही. मग विद्या अडवून ठेवणं हा नुसता कोतेपणा म्हणायचा का?

मोगूबाईंचं आयुष्य नीट बघितल्यावर आम्हाला हे उत्तर पुरेसं वाटेनासं झालं. खाँसाहेबांची बाजू बघा. दरबार गेलेला. वय सदुसष्ट. मोठा कुटुंबकबिला. जमीन नाही, पेन्शन नाही. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या बंदिशी हीच मिळकत. कोकणात ज्याच्याकडे चार कलमं आणि एक पाटाचं पाणी एवढंच आहे, त्याला 'पाणी सगळ्यांचं असतं' हे तत्त्वज्ञान ऐकवणं सोपं आहे. जो अनवट राग चारच माणसांना येतो, त्याला मैफलीत भाव आहे. चाळीस जणांना आला की नाही. म्हणजे दिल्यानं विद्या कमी होत नसेल, पण विद्येवर मिळणारी भाकरी कमी होऊ शकते. सुभाषितकाराच्या हे ध्यानात आलं नव्हतं, किंवा त्याची भाकरी राजाकडून येत होती.

तरीही, आणि हे आम्ही ठासून सांगतो, त्या अठरा वर्षांच्या मुलीवर अन्याय झाला. खाँसाहेबांची अडचण समजून घेता येते म्हणून तिची बारा वर्षं भरून येत नाहीत. आणि खाँसाहेबांनाही हे टोचत असलं पाहिजे. नाहीतर आधी भावाकडे पाठवणं आणि मग ऐंशीच्या घरात गंडा बांधणं, हे कशाला केलं असतं?

आता आखातातून आलेल्या आमच्या मित्राच्या प्रश्नाकडे. अरबांमध्ये असं असतं का? असतं, आणि ज्या वर्षी मुंबईत गंडा बांधला गेला त्याच वर्षी, १९३४ मध्ये, उत्तर आफ्रिकेत ट्युनिस शहरात एक संस्था उभी राहिली. तिचं नाव रशीदिया. ट्युनिशियात मालूफ नावाचं जुनं शास्त्रोक्त गाणं आहे. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या मुसलमानांनी ते आपल्याबरोबर आणलं असं तिथले लोक मानतात. आपल्याकडे राग, तसे त्यांच्याकडे मकाम. हे गाणं तोंडी चालत आलेलं, एका शेखकडून शिष्याकडे. साहजिकच प्रत्येक शेखची चाल थोडी वेगळी. रशीदियानं मोठा वाद्यमेळ उभा केला. आता वीस-पंचवीस माणसांनी एकदम वाजवायचं तर प्रत्येकानं आपापल्या गुरूची चाल वाजवून कसं भागेल? म्हणून त्यांनी हे सगळं गाणं स्वरलिपीत उतरवून घेतलं, एक पाठ ठरवला आणि तो शिकवायला वर्ग काढले. शेखच्या दारात ताटकळायचं कारण उरलं नाही.

या संस्थेतूनच सलीहा नावाची गायिका पुढे आली. जन्म १९१४, देशाच्या वायव्येकडल्या डोंगराळ भागातला, घर गरिबीचं. लहान वयात शहरात आली ती घरकाम करायला. पुढे ट्युनिशियाचा आवाज म्हणून तिचं नाव झालं. १९५८ मध्ये ती गेली, आणि आजही तिकडे तिची गाणी घरोघरी ऐकतात. मोगूबाईंची आणि तिची तुलना करायचा आमचा विचार नाही, दोन्ही गाणी फार निराळी आहेत. पण दोघी परक्या घरातून गात शहरात आल्या आणि दोघींपुढे प्रश्न एकच होता, मला कोण शिकवणार? एकीला संस्थेनं शिकवलं. दुसरीला गुरूची वाट बघावी लागली.

तुम्ही म्हणाल, मग संस्थाच बरी. आपल्याकडेही हा विचार झाला होता. मुंबईच्या वाळकेश्वरचे वकील विष्णु नारायण भातखंडे, यांनी देशभर फिरून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि क्रमिक पुस्तकं काढून छापल्या. तीही मराठीत, बरं का. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती त्यांच्याच खटपटीनं. भातखंडे नसते तर कितीतरी बंदिशी त्या त्या उस्तादाबरोबर मातीत गेल्या असत्या. त्यांच्याबद्दल आम्हाला अतोनात आदर आहे.

पण कागदावर काय उतरतं आणि काय उतरत नाही, याचा आमचा एक अनुभव सांगतो. एम. ए. करत असताना आम्ही मुंबईत गाणं शिकायचा प्रयत्न केला. गाता आलं नाहीच. पण क्रमिक पुस्तकं घेऊन मैफलीला जायचो. एकदा एका छोट्या घरगुती बैठकीत मोगूबाईंना ऐकायचा योग आला. त्यांनी तेव्हा सत्तरी गाठली होती. अंगावर साधी पांढरी साडी. हातवारे नाहीत, चेहरा शांत. आम्ही मांडीवर पुस्तक उघडून बसलो. बंदिश पुस्तकातली होती, तीनतालातली. सोळा मात्रांची सोळा घरं, प्रत्येक घरात स्वर लिहिलेला. पहिल्या आवर्तनाला आमचं बोट बरोबर घराघरावरून सरकलं. दुसऱ्याला चुकलं. तिसऱ्याला आम्ही पुस्तक मिटलं. शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ हसले आणि पुन्हा ऐकू लागले.

काय चुकलं होतं? नाटे परिसरात डबलबारीची भजनं ऐकणारे तुम्ही लोक आहात, ठेक्याचा कान तुम्हाला आहे, म्हणून सांगतो. तालाचं एक आवर्तन फिरतं आणि पहिल्या मात्रेला, समेला, येऊन मिळतं. भजनात समेवर आपण सगळे मिळून आपटतो, तो आनंद वेगळा. मोगूबाई समेवर आपटत नसत. त्यांचा स्वर दोन मात्रांच्या मधल्या फटीतून निघायचा, अकरावी संपत आली आणि बारावी लागली नाही अशा जागेतून, आणि पुढचा प्रत्येक स्वर तालाच्या अंगाला चिकटून, पण तालावर न रेलता यायचा. सम कधी आली हे ती आल्यावर कळायचं. इथल्या मच्छीमार मंडळींना माहीत आहे, खाडीच्या तोंडाशी होडी आत घेताना लाट मोजून चालत नाही आणि न मोजूनही चालत नाही. मोजणं अंगात गेलेलं असावं लागतं. सोळा घरं कागदावर येतात. दोन घरांमधली जागा येत नाही.

तीच गोष्ट जोडरागांची, जी या घराण्याची खासियत. बसंती केदार घ्या. त्यात बसंत आहे आणि केदार आहे. कुठल्या स्वराशी एक संपतो आणि दुसरा लागतो हे पुस्तकात सांगता येईल. पण सांध दिसू न देता ती जोडायची कशी? लाकडी होडीच्या दोन फळ्या कशा बसवल्यात हे वरून बघून कळत नाही, होडी पाण्यात घातली की कळतं. हे शिकायचं तर जो बसवतो त्याच्या शेजारी बसून, चुकून, ओरडा खाऊन शिकावं लागतं. मोगूबाई बारा वर्षं ज्याच्यासाठी थांबल्या ते हे. बंदिशी त्यांना दुसरीकडून मिळाल्या असत्या.

म्हणजे आमच्या मते विद्येचे दोन भाग पडतात. एक माहितीचा. तो छापावा, वाटावा, अडवू नये. रशीदियानं आणि भातखंड्यांनी ते केलं आणि उत्तम केलं. दुसरा भाग माणसाच्या अंगात मुरलेला असतो. त्याची प्रत काढता येत नाही. तो कुणाच्या मालकीचा आहे म्हणणंही अवघड, कारण मालक स्वतःसुद्धा तो उचलून हातात देऊ शकत नाही. तो फक्त समोर बसवून घेऊ शकतो किंवा दार लावू शकतो. म्हणून तिथं दार लावणं जास्त गंभीर आहे. पुस्तक नाकारलं तर दुसरी प्रत मिळते. माणूस नाकारला तर दुसरी प्रत नसते.

मोगूबाईंनी पुढे स्वतः काय केलं, हे म्हणूनच आम्हाला त्यांच्या मैफलींहून मोलाचं वाटतं. पती माधवदास भाटिया लवकर वारले. किशोरी तेव्हा सहा-सात वर्षांची, पाठीवर दोन भावंडं. घर चालवायचं ते गाऊन आणि शिकवून. आयोजक बाईंना तिसऱ्या वर्गानं बोलावत, कुणाच्या तरी घरी उतरवत, मानधनात खळखळ करत. हे किशोरीताईंनी लहानपणी तानपुऱ्यावर साथ करताना पाहिलं, आणि मोठेपणी त्या आयोजकांशी कडक वागू लागल्या त्याचं कारण त्यांनी स्वतःच हे सांगितलं आहे. लोक म्हणायचे, किशोरीताई फार विक्षिप्त. लोकांनी आईचा प्रवास पाहिला नव्हता.

एवढी ओढाताण असताना मोगूबाईंना आपलं गाणं राखून ठेवायला सबळ कारण होतं. बारा वर्षं मोजून मिळवलेलं होतं ते. त्यांनी राखलं नाही. कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, सुहासिनी मुळगावकर, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर, अशा कितीतरी जणांना त्यांनी शिकवलं. वामनराव देशपांडे हे हिशेबतपासनीस, तेही त्यांच्याकडे शिकले, आणि त्यांनी 'घरंदाज गायकी' हे पुस्तक लिहिलं. घराणं म्हणजे काय हे मराठीत कुणाला समजून घ्यायचं असेल तर आजही आम्ही तेच हातात देतो. शिकवणं मात्र लाडाचं नव्हतं. एखादी जागा त्या दोनदा गाऊन दाखवत. तिसऱ्यांदा नाही. पोटच्या मुलीलाही नाही.

आणि मुलीच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते बघा. किशोरीला त्यांनी दुसऱ्या गुरूंकडे पाठवलं. आग्रा घराण्याच्या अन्वर हुसेन खाँकडे. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे, मींड शिकायला. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाण्याची ती कला अंजनीबाईंकडे विशेष होती, तर तिच्याकडूनच घे. ज्या बाईला तरुणपणी घराण्याच्या कुंपणाबाहेर उभं केलं होतं, तिनं आपल्या लेकीसाठी कुंपणातलं फाटक उघडं ठेवलं. त्यातून किशोरीताईंचं जे गाणं झालं ते जयपूरवाल्या कर्मठांना पुष्कळ वर्षं पचलं नाही. हे जयपूरचं नव्हेच, असं म्हणायचे. आईनं मुलीला अडवलं असतं तर घराणं शुद्ध राहिलं असतं आणि आपल्याला किशोरी आमोणकर मिळाल्या नसत्या. हा सौदा तोट्याचा होता असं म्हणणारे अजूनही भेटतात. आमचं त्यांच्याशी जमत नाही.

मानसन्मान झाले, ते उशिरा. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७४ साली पद्मभूषण. १० फेब्रुवारी २००१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, शहाण्णव वर्षांच्या होऊन. व्यावसायिक ध्वनिमुद्रिका फार नाहीत, पण आकाशवाणीवरची आणि खासगी बैठकांतली काही ध्वनिमुद्रणं मिळतात. ऐकायची तर रात्रीची, मोठ्या आवाजात नको, आणि पहिल्यांदा ऐकताना रागाचं नाव शोधत बसू नका. तबल्याकडे लक्ष ठेवा. त्यांनी बांधलेले तराणे आधी ऐकलेत तर आम्ही लयीबद्दल जे बोललो ते लवकर उमगेल.

आता कुर्डीबद्दल, कारण त्यावाचून 'कुर्डीकर' हे आडनाव कळत नाही.

साळावली नदीवर सत्तरच्या दशकात धरणाचं काम सुरू झालं. दक्षिण गोव्याला पाणी हवं होतं. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावी येऊन लोकांशी बोलले होते, की तुमच्या त्यागानं सगळ्यांचं भलं होईल. ऐंशीच्या दशकात कुर्डीची माणसं वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत गेली, आणि घरं, शेतं, देवळं, चॅपेल, सगळं पाण्याखाली गेलं. जुनं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्यानं दगड-दगड सुटा करून दुसरीकडे नेऊन उभं केलं. देऊळ नेता आलं. गाव नेता आलं नाही. भूसंपादन, पुनर्वसन, हे शब्द या आपल्या परिसराला आम्ही समजावून सांगावेत असं नाही. तुम्हाला ते आमच्याहून चांगले कळतात.

दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली जातं आणि मे महिन्यात कुर्डी वर येते. चिखल वाळून भेगाळलेली जमीन, घरांचे चौथरे, तुळशीवृंदावनं, झाडांचे काळे बुंधे. उठून गेलेली माणसं आणि त्यांची मुलं-नातवंडं त्या वेळी परत येतात. सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती मंडळी चॅपेलच्या जागी प्रार्थना करतात, जेवणं होतात, हे आमचं अंगण, ही तुमची विहीर, असं मुलांना दाखवतात. सौम्यानंद साही यांनी यावर 'रिमेंबरिंग कुर्डी' नावाचा माहितीपट केला आहे, २०१६ चा. सापडला तर जरूर बघा. मोगूबाईंच्या घराचे अवशेषही तिथे आहेत, गावची माणसं दाखवतात. ज्या जयश्रीबाईनं मुलीचा हात धरून जांबावलीची वाट धरली, ती त्याच दारातून बाहेर पडली असेल.

जायचं मनात असेल तर मे महिन्यात जा, आणि मिरगाआधी परत या. पाऊस लागला की आठ-पंधरा दिवसांत पाणी पुन्हा चौथऱ्यांवर चढतं. सांग्याहून वाट विचारताना मोगूबाईंचं नाव घ्या, कुणीतरी बरोबर येईल.